क्लचकाकांचा डावा पाय

क्लचकाकांचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची वेळ सहसा कुणावर येत नसे. चौकात कुणालाही विचारा, तो बोट दाखवणार आणि वर स्वतःच्या गाडीचा एखादा किस्सा ऐकवूनच तुम्हाला सोडणार. अडतीस वर्षं या माणसानं एका अवयवावर संसार चालवला होता. तो अवयव म्हणजे डावा पाय.

पद्धत ठरलेली. गाडी आली की आधी तिच्याभोवती एक शांत फेरी. मग दार उघडायचं, डाव्या पायातला बूट काढून बाहेर ठेवायचा, मोजा काढून बुटात कोंबायचा, आणि अनवाणी पाऊल क्लचच्या पेडलवर टेकवायचं. उजव्या पायात बूट तसाच. हे ध्यान बघून नवखं गिऱ्हाईक ओठ चावत हसू दाबायचं. काका कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायचे आणि नाडी बांधता बांधता, मान वर न करता, निकाल सांगायचे. "प्लेट अजून वर्षभर चालेल. वायर मात्र तुटायला आलीय." तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी हातोडासुद्धा उचलत नसे. पडदा वर गेला की प्रेक्षागृह जसं आपोआप गप्प होतं ना, तसं.

काकांच्या मुलाला पान्हा आणि आमटीचा डाव यांतला फरक सांगावा लागायचा. तो बँकेत चिकटला आणि तिथे सुखी होता. पण बायको आणताना त्यानं घराण्याचं नाव राखलं. सूनबाई यंत्रांचं रीतसर शिकून आलेली, आणि नऊ वर्षं काकांच्या हाताखाली हात काळे केलेली. काकांचा डावा गुडघा झिजून झिजून शेवटी बदलावा लागला, तेव्हा तीन महिने गॅरेज तिनं एकटीनं चालवलं. काका घरात खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकत बसायचे आणि मोठ्यानं चुका काढायचे.

"अहो, त्या लोकांना काही ऐकू जात नाही," काकू म्हणायच्या.

"म्हणून तर एवढ्या गाड्या बिघडतात," काका म्हणायचे.

अखेर डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली, आणि पहिल्याच दुपारी गॅरेजच्या दारात एक लाल गाडी येऊन उभी राहिली. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, मागच्या चाकांवर जोर असलेली स्पोर्ट्स कार. सात-आठ वर्षांची, सेकंड-हँड. चालवत आल्या त्या दातांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, बोलायला एकदम मोकळ्या.

"काका, पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता थोडं ताठ बसून काहीतरी करू. म्हणून ही घेतली. महिना झाला नाही तर सुरू झालं. निघताना हिसका देते, आणि मागून टक् असा आवाज येतो. दोन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो क्लच गेला, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उतरवा, मग कळेल. माझ्या एका मित्राला ही गाडी आहे त्या अवस्थेत हवीय. तुम्हीही गिअरबॉक्स उतरवा म्हणालात, तर मी ती देऊन टाकीन. तुमचा शब्द शेवटचा."

काकांना हेच हवं होतं. तीन महिन्यांनी असा प्रवेश मिळाला होता. त्यांनी बूट काढला, मोजा काढला, टाकीला वळसा घालून आले आणि नाडी बांधू लागले. वाकताना गुडघा कुरकुरला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"क्लच जड झालाय," ते म्हणाले. "प्रेशर प्लेट दमलीय. पेडल अगदी वर येईपर्यंत गाडी उचलत नाही, आणि उचलताना क्लच थरथरतो. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल."

डॉक्टरांनी एकदा गाडीच्या टपावरून हात फिरवला. "ठीक आहे. मग माझा हट्ट संपला. गाडी इथेच राहू दे. उद्या दुपारी मित्र येईल, तो इथूनच घेऊन जाईल." आणि त्या चालत निघून गेल्या. चालण्यात मघाचा ताठपणा नव्हता.

त्या गेल्यावर सूनबाई म्हणाली, "बाबा, एक सांगू? आत्ता गाडी आत घेताना मी चालवून बघितली. मला क्लच जड नाही वाटला."

"तुझा पाय तिशीतला आहे गं."

"पाय माझा असला तरी क्लच तोच ना?"

"अडतीस वर्षं," काका एवढंच म्हणाले. या दोन शब्दांपुढे घरात आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं. सूनबाईनं पान्हे पेटीत ठेवले, ते जरुरीपेक्षा जास्त वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजची जुनी व्हॅन लिफ्टच्या आड उभी होती. काका म्हणाले, मी काढतो. ही व्हॅन म्हणजे घरचंच माणूस. तिचा क्लच त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता, ऑपरेशनच्या थोडंच आधी, आणि तो लोण्यासारखा होता. इंजिन चालू करून त्यांनी पेडल दाबलं.

जड.

त्यांनी पहिला गिअर टाकून पुन्हा दाबून पाहिलं. जड, आणि सोडताना थरथर. अगदी वर येईपर्यंत उचलायला तयार नाही. काल लाल गाडीत जे जे जाणवलं होतं ते सगळं, शब्दन् शब्द, या व्हॅनमध्ये होतं. तीन महिने जागची न हललेली व्हॅन नेमका त्या गाडीचा रोग घेऊन बसेल, हे काही पटण्यासारखं नव्हतं. काकांनी इंजिन बंद केलं. मग एक गोष्ट केली, जी त्यांनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. सीटवर तिरके सरकले आणि उजवा पाय पलीकडे नेऊन त्यानं क्लच दाबून पाहिला.

लोणी.

डावा, उजवा, डावा, उजवा. पाच वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. प्रेशर प्लेट दमली नव्हती, मांडी दमली होती. थरथर क्लचची नव्हती, गुडघ्याची होती. अडतीस वर्षं ज्या काट्यावर सगळ्यांच्या गाड्या तोलल्या, तो काटाच बदलून आला होता, आणि तो आधी तपासून घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. हातपंप दुरुस्त झाला तरी पहिल्यांदा चार बादल्या पाणी काढून बघतात. काकांनी मात्र पाय सरळ परक्याच्या गाडीत घातला होता. आणि त्या पायाच्या शब्दावर एक बाई आज दुपारी आपली हौस दुसऱ्याच्या हातात देणार होत्या.

"बाबा, व्हॅन काढताय ना?" सूनबाईनं हाक दिली.

"काढतो. आधी तू इकडे ये." ती आल्यावर ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "काल तुझं बरोबर होतं."

"कशाबद्दल?"

"सगळं वदवून घेणार आहेस का?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणताय. जरा नीट ऐकू दे."

काकांनी सगळं सांगितलं, पायांची अदलाबदल करूनही दाखवली. सूनबाई हसली नाही. तिनं घड्याळ पाहिलं. "साडेनऊ. मग काल तुम्हाला जे जाणवलं, त्यातून व्हॅनमधलं वजा करा. काय उरतं?"

काकांनी डोळे मिटले. जडपणा गेला. थरथर गेली. उशिरा उचलणं गेलं. "निघतानाचा हिसका," ते म्हणाले, "आणि टक्." आता त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा झाला होता. "तू चालव. मी शेजारी बसतो."

लाल गाडीत आधी क्लचची परीक्षा झाली. सूनबाईनं हँडब्रेक घट्ट ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. घसरणारा क्लच असता तर इंजिन घरघरत राहिलं असतं. इथे ते तत्काळ बंद पडलं. म्हणजे पकड चोख. मग न्यूट्रलमध्ये पेडल दाबून सोडून ऐकलं. कुठे किरकिर नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मग टाकीच्या दिशेनं दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं.

"ॲक्सिलरेटर दाब. सोड. दाब. सोड."

टक्. टक्. काकांनी दोन सीटच्या मागच्या उंचवट्यावर तळहात पालथा ठेवला होता. आवाज कानाला सगळीकडून आल्यासारखा वाटत होता, पण हाताला ठोका एकाच जागी बसत होता. "गिअरबॉक्स पुढे राहिला," ते म्हणाले. "हे मागचं दुखणं आहे. लिफ्टवर घे."

गाडी वर गेली. मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. इंजिनाचा जोर तो दोन्ही चाकांना वाटून देतो, आणि स्वतः जाडजूड रबरावर बसलेला असतो. सूनबाईनं टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, त्याच्या नाकाखाली घातली आणि जोर दिला. नाक दोन बोटं वर उचललं गेलं आणि टक् करून खाली बसलं. रबर आरपार फाटलं होतं. गाडी निघताना तो गोळा आधी उसळायचा, मग जोर चाकांना मिळायचा, आणि तो हिसका क्लचचा वाटायचा. दोन गॅरेजवाले तिथेच फसले होते. तिसऱ्याची तर गोष्टच वेगळी होती.

काकांनी हात पुसले आणि फोन लावला.

"डॉक्टर, काल मी तुमच्या गाडीचं नाही, माझ्या गुडघ्याचं निदान सांगितलं. क्लच ठणठणीत आहे. मागचं एक रबर फाटलंय."

पलीकडून पाण्याचा बारीक आवाज येत होता. "काका, माझ्या खुर्चीत पेशंट आ करून बसलाय. एका शब्दात सांगा. विकू की नको?"

"नको."

"काल याच खात्रीनं उलटं सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. म्हणून म्हणतो, माझ्या शब्दावर जाऊ नका. मित्राला थांबवा, तुम्ही स्वतः या आणि डोळ्यांनी बघा."

हे वाक्य काकांनी कुणा गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नव्हतं. आपल्याच तोंडून ऐकताना त्यांना त्याची चव बरी वाटली.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर आल्या. गाडीखाली उभ्या राहून त्यांनी पर्समधून स्वतःची छोटी बॅटरी काढली.

"वरच्या जबड्यात बघायची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. सूनबाईनं टॉमी दाबली, गोळा उचलला, फाटलेलं रबर तोंड वासून दिसलं. डॉक्टरांनी दोनदा पुन्हा उचलायला लावलं. मग बॅटरी बंद केली. "काका, नवी कवळी बसवली की माणूस महिनाभर जेवणालाच नावं ठेवतो. खडा कुठे लागला, मीठ कुठे कमी. आम्ही त्याला आधी सांगून ठेवतो. तुम्हाला गुडघ्याबद्दल कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं असेल. मी रस्त्यावरचे गिअर ऐकत होतो."

त्या हसल्या, बाजूला जाऊन मित्राला फोन केला. "अरे, गाडी नाही देत. नाही, रागावू नकोस. हो, चक्रम आहे मी, तुला आत्ता कळलं?"

रबर दुसऱ्या दिवशी बसलं. डॉक्टर घ्यायला आल्या, तेव्हा काकांनी त्यांनाच चालवायला लावलं. निघताना हिसका नाही, मागून आवाज नाही. टाकीपाशी त्या म्हणाल्या, "सकाळी गार असताना दुसरा गिअर जरा खरखरतो. तेही रबर का?"

"नाही. तो स्वभाव आहे. या गाड्या सकाळी उठल्या उठल्या बोलत नाहीत. तेल गरम होईपर्यंत गिअर सावकाश टाका, एखादा किलोमीटर गेलात की आपोआप सरळ येईल."

"हे पायानं सांगताय की अनुभवानं?"

"सूनबाईला विचारून सांगतोय," काका म्हणाले, आणि ते खरं होतं; ती खरखर त्यांनी सकाळीच तिला ऐकवून विचारली होती.

त्या आठवड्यापासून गॅरेजची पद्धत बदलली. गाडी आली की आधी एक जण एकटा टाकीला वळसा घालून येतो, मग दुसरा. दोघं परत येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, चेहऱ्यानंसुद्धा नाही. काका रोज सकाळी घरातल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर डावा पाय वर-खाली करतात, काकू मोठ्यानं आकडे मोजतात आणि मध्येच दोन आकडे गाळतात असा त्यांचा संशय आहे.

पुढच्याच सोमवारी एक टेम्पोवाला आला. क्लच दाबताना घुर्र आवाज येतो म्हणाला. सूनबाई जाऊन आली, काका जाऊन आले. टेम्पोवाला दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत उभा.

"बेअरिंग," सूनबाई म्हणाली.

"बेअरिंग ढकलणारा फोर्क कोरडा पडलाय," काका म्हणाले.

"अहो, मग नक्की काय?" टेम्पोवाला म्हणाला.

"ते आता उघडल्यावर कळेल," काका बाह्या वर सारत म्हणाले. "सूनबाई, लिफ्टवर घे. बेअरिंग निघालं तर आजचा चहा मी करीन."