मॅडमनी मला नारळ दिला

हातातला चहा आधी संपवून घ्या. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्याला ठसका लागला आणि त्याच्या कपातला सगळा चहा माझ्या शर्टावर आला. गाढवपणा मुळात माझाच असल्यामुळे त्याला काही बोलताही येईना.

तर मी मार्केटिंगमध्ये आहे. हे ऐकलं की लोकांना वाटतं, मी गळ्यात टाय अडकवून विमानानं फिरत असेन. तसं काही नाही हो. आमची कंपनी खालापूरला पाण्याच्या टाक्या बनवते, आणि त्या टाक्यांबद्दल मराठीत जे गोड गोड छापून येतं ते सोळा वर्षं मी लिहितोय. 'उन्हाला भिडणारी, पावसाला नडणारी', 'लेकीसारखी जपा, आईसारखी सांभाळेल', ही सगळी पापं माझीच. राहायला कर्जतला. रोज मोटरसायकलवर मी, आणि मागे आमच्याच विभागातले इक्बालभाई. त्यांचं काम डीलर लोकांची मनं सांभाळायचं. मनं सांभाळून सांभाळून माणूस इतका गोड झालाय की पेट्रोल कधी भरायचं हे मला विचारावंच लागत नाही, तेच आठवण करतात आणि मीच भरतो.

त्या वर्षी हवाच वाईट होती. मुंबईच्या हेड ऑफिसनं पुण्याचं मार्केटिंग एका दिवसात बंद केलं. सकाळी माणसं डबा घेऊन आली आणि डबा न उघडताच घरी गेली. त्यात ते नवीन सॉफ्टवेअर आलं, जाहिरात लिहिणारं. मी त्याला विचारून बघितलं, बाबा, टाकीवर एक ओळ लिही. त्यानं मिनिटभरात लिहिलं, 'टाकी नव्हे, आयुष्याची सोबतीण.' मला घामच फुटला. हीच ओळ मी तीन वर्षांपूर्वी आठ दिवस डोकं खाजवून लिहिली होती.

माझं वय सत्तेचाळीस, मुलगी बारावीला. या वयात घरी बसलो तर मला घेणार कोण? 'अनुभव काय?' 'टाकीबद्दल बरं बोलतो.' झालं.

आणि जखमेवर मीठ म्हणजे आमच्या नव्या साहेब, रेवती मॅडम. जुने साहेब रिटायर झाल्यावर ती खुर्ची मला मिळणार असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः मी. आणि तिथं येऊन बसल्या या छत्तीस वर्षांच्या बाई. घर मराठी, पण जन्म, शाळा, नोकरी सगळं बंगळूरला. मराठी बोलायच्या छान, पण घरगुती, आणि वाचायचं म्हटलं की ओळीखाली बोट धरून. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाल्या, "आपले टाके फार मजबूत आहेत." मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कुठल्या ऑपरेशनचे, मॅडम?" सगळे हसले. त्याही हसल्या. म्हणजे कळलंच नव्हतं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. सोमवारी सकाळी आमचा शिपाई काशीनाथ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा कर्जतकडच्या कशेळ्याच्या पुढचा, माझ्याच वयाचा.

"सायेब, कर्जतला नारळ कुटं चांगला मिळंल? सात पायजेत."

"सात कशाला रं?"

"मॅडम शुक्रवारी नारळ देनार हायेत ना. सात जनांना. यादी दिलीया माज्याकडं."

मी पेन खाली ठेवलं. नोकरीत नारळ देणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

"बघू यादी."

"कुनाला दाखवायची नाय म्हनल्यात." मग त्याला माझी दया आली असावी. "तुमचं नाव पयलंच हाय पन."

परतीच्या वाटेवर मी इक्बालभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे भोईर, काहीतरी पूजाबिजा असेल."

"पूजेला माणसांची यादी करतात का? ती पण गुपचूप?"

मग त्यांनी मागून विचारलं, "माझं नाव आहे?"

"ते विचारायचं राहिलं."

पळसदरीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मंगळवारी काशीनाथला दोन भजीपाव खिलवून आम्ही ती यादी बघितली. अकरा जणांच्या विभागातले सात, आणि सातही सगळ्यात जुने. इक्बालभाई तिसरे. आता शंकेला जागाच नव्हती. जुनी माणसं काढायची आणि चार नवी पोरं ठेवायची, सरळ हिशेब. जेवणाच्या सुट्टीत त्या चौघांना कुणी लोणचं पुढे केलं नाही. त्यातल्या एकीनं बिचारीनं विचारलं, "आमचं काही चुकलं का?" इक्बालभाई आयुष्यात पहिल्यांदा कडू बोलले. म्हणाले, "तुमचं कसं चुकेल, तुमचं तर बरोबर जमलंय."

बुधवारी मला मॅडमनी बोलावलं. चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"भोईर, शुक्रवारी मी सात जणांना नारळ देणार आहे. तुम्हाला कळलंच असेल म्हणा."

"कळलं."

"मुंबईचे मोठे साहेब येतायत, बाकीच्यांना त्यांच्या हातून. पण तुम्हाला मी स्वतःच्या हातानं देणार. मी ठरवलंच होतं."

"आभारी आहे," म्हणालो.

"तुम्ही खूश नाही वाटत?"

"नारळ काय कुणी खुशीनं घेतं का, मॅडम?"

"काय सांगता! आमच्या बंगळूरला तर लोक वर्षानुवर्षं वाट बघतात."

मी मनात म्हटलं, काय एकेक माणसं असतात एकेका गावाची.

पुढे बघा. म्हणाल्या, "प्रत्येकाला नारळासोबत एक फ्रेम द्यायची आहे. त्या माणसानं कंपनीसाठी काय काय केलं, पाच-सहा ओळी. तुम्हीच लिहा. तुमच्या स्वतःच्याही. तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण लिहिणार? आणि मला दाखवत बसू नका, तुमचं मराठी मी काय तपासणार? काशीनाथच्या हातून थेट फ्रेमवाल्याकडे पाठवून द्या."

म्हणजे बोकडालाच सुरीला धार लावायला बसवलं.

जागेवर आलो आणि लिहायला घेतलं. सहा जणांचं मनापासून लिहिलं. इक्बालभाईंवर लिहिताना तर डोळे भरून आले. सोळा वर्षांची सोबत आहे, रोजची वीस-बावीस किलोमीटर. मग माझी पाळी आली, आणि पोटात साठलेलं सगळं विष लेखणीत उतरलं. म्हटलं, जाताजाता भिंतीवर टांगून ठेवतील असं काहीतरी देऊनच जाऊ. लिहून झालं, लिफाफा चिकटवला, काशीनाथच्या हातात दिला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, घरी जाऊन दोन वाट्या खीर खाल्ली.

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये झेंडूच्या माळा. मी म्हटलं, बघा, हाकलायचा सुद्धा यांना उत्साह केवढा. आम्ही सातजण पहिल्या रांगेत, उत्तरकार्याला बसल्यासारखे. टेबलावर सात नारळ, सात फ्रेमा आणि सात शाली. शाली बघून माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. हाकलताना शाल कशाला?

मॅडम उठल्या. म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी हेड ऑफिसनं मला विचारलं, इथली किती माणसं कमी करता येतील? मी म्हटलं, एकही नाही. आधी येऊन ही माणसं बघा, मग बोला. दहा वर्षांहून जास्त इथं काम केलेले सातजण आहेत. आज त्यांचा सत्कार मोठ्या साहेबांच्या समोर व्हावा, अशी माझी इच्छा होती. सरप्राइज ठेवायचं होतं, पण ते काही जमलं नाही."

इक्बालभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "सत्कार!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मी वाकून टेबलामागे काशीनाथपर्यंत पोचलो. "काशीनाथ, माझी फ्रेम काढून ठेव."

"का वो?"

"चूक राहिलीय तिच्यात."

"मंग मोठ्या सायबांना सांगू?" हे त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं की मोठ्या साहेबांनी वळून बघितलं. मी नारळ सरळ केल्याचं नाटक करून जागेकडे वळलो.

"तुला ठाऊक होतं रं, सत्कार आहे म्हणून?" जाताजाता मी दातओठ खात विचारलं.

"म्हंजे? तुमाला ठाऊक नव्हतं?"

मोठे साहेब साठीचे, मराठीचे शौकीन. एकेक फ्रेम उचलायची, खड्या आवाजात वाचायची, शाल, नारळ, टाळ्या. इक्बालभाईंचं वाचलं तेव्हा इक्बालभाई रुमालात तोंड लपवून रडले. साहेब म्हणाले, "वा, लिहितं कोण हे? असा लेखक आपल्याकडे आहे?" मॅडमनी अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. "तेच. म्हणून त्यांची शेवटी ठेवलीय."

सहा झाली. सातवी फ्रेम साहेबांच्या हातात. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचायला लागले:

"श्री. अविनाश भोईर यांनी सोळा वर्षे आमच्या टाक्यांची इतकी स्तुती केली की टाक्यांनाही लाज वाटावी."

टाळ्या, हशा. मी खुर्चीचा दांडा धरला.

"टाकी गळली, पण त्यांची लेखणी गळली नाही. टाके आणि टाक्या यांतील फरक ज्यांना कळत नाही, अशांच्या हस्ते आज त्यांना नारळ मिळत आहे." साहेबांचा आवाज जरा उतरला. "नारळाच्या आत निदान पाणी असते. देणाऱ्यांच्या आत काय आहे, ते देवास ठाऊक. सदर गृहस्थ निरुपयोगी झाल्याचे आढळल्यावरून त्यांना घरी पाठवण्यात येत आहे. घरच्यांनी सांभाळून घ्यावे."

साहेबांनी फ्रेम उलटी करून बघितली, मागे काही खुलासा आहे का म्हणून.

"घरी पाठवण्यात येत आहे?" त्यांनी मॅडमना विचारलं. "कोण पाठवतंय?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना फक्त कळत नव्हतं, काय झालंय ते. ज्या बाईनं दोन महिने माझ्या नोकरीसाठी मुंबईशी भांडण केलं, तिला मी सगळ्यांसमोर असं बोलून बसलो होतो. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की खरंच कुणी नारळ देऊन घालवलं असतं तर मी उपकार मानले असते.

उभा राहिलो आणि सांगून टाकलं सगळं. काशीनाथ, यादी, आणि नोकरीतून नारळ देणं म्हणजे आपल्याकडे काय ते.

मॅडमनी दोन्ही हात गालांवर नेले. "म्हणजे बातमी फुटल्यापासून मी सगळ्यांना सांगत फिरतेय, नारळ देणार, नारळ देणार..." मग एकदम आठवून म्हणाल्या, "अरे देवा, हिरामावशी!"

कॅन्टीनच्या हिरामावशी मागे चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना गुरुवारी सांगितलं होतं, मावशी, पुढच्या वर्षी तुम्हालाही नक्की देईन हं. मावशी रडल्या होत्या. मॅडमना वाटलं होतं, आनंदानं.

"मी घरी सांगलंय पन," हिरामावशी म्हणाल्या. "पोरगा बोलला, वर्साची मुदत दिली, बाई देवमानूस हाय."

पहिल्यांदा मॅडमच हसल्या. मग सगळं कॅन्टीन. मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, पटलं मला. इथून कुणाला काढू नका. आणि या माणसाला तर अजिबात नको. आत असताना हा आपल्याबद्दल असं लिहितो, बाहेर गेल्यावर काय लिहील?"

सत्कार झाला. ठरल्याप्रमाणे मॅडमनी स्वतःच्या हातानं मला नारळ दिला आणि हळूच म्हणाल्या, "टाक्या. लक्षात ठेवीन. आणि भोईर, ते ऑपरेशनचं मला त्याच दिवशी कळलं होतं."

ती फ्रेम मी माळ्यावर टाकणार होतो. बायकोनं हिसकावून घेतली, उभ्याउभ्या पूर्ण वाचली आणि म्हणाली, "अहो, सोळा वर्षांत तुम्ही लिहिलेलं पहिल्यांदाच खरं वाटलं." दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर फ्रेम बाहेरच्या खोलीत, दारासमोर, आल्यागेल्याच्या नजरेला पडेल अशी. अजून तिथंच आहे, कधी आलात तर बघा.

फक्त जवळ जाऊन बघा. तिनं काच काढून शेवटच्या ओळीखाली पेननं एक ओळ लिहिलीय. 'घरच्यांनी सांभाळून घ्यावे' याच्या खाली: 'प्रयत्न चालू आहे.'