बंद वायपर आणि बाबांचं नाव

माझे बाबा सहदेव लॉरी ड्रायव्हर होते. तेल्हाऱ्याच्या एका शेटजींची छोटी लॉरी ते अकोल्याला न्यायचे. त्या लॉरीवर त्यांचा भारी जीव. मायवरही असावा, पण लॉरीचं कौतुक चारचौघांत चाले, मायचं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची, माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. मायनं, म्हणजे पार्बताबाईनं, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं झेंडू लावला होता. भाजीच्या वाफ्यात फुलं कशाला, म्हणून घरचे हसत होते. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी तिनं तोडा केला, टोपल्या लॉरीत चढवल्या आणि बाबांशेजारी जाऊन बसली. दिवेलागणीच्या आत फुलं बाजारात पोचली नसती, तर घरच्यांनी तिला पुन्हा झेंडू लावू दिला नसता.

अकोट सोडलं आणि पाऊस कोसळला. वायपर दोनदा हलला नि काचेवर आडवा पडला. तो इंजिनानं ओढलेल्या हवेवर चालायचा. बाबांनी उतरून इंजिनाजवळ नळीच्या तोंडाला बोट लावलं, ओढ होती. वायपरकडच्या टोकाला काहीच नाही. म्हणजे रबरी नळी मधेच फाटलेली. चिंधी गुंडाळली, तरी हवा शिरतच राहिली.

"नवी नळी नागपूरवरून आणा लागते," बाबा म्हणाले.

"तोवर माह्या फुलाइचं काय?"

मग बाबा डोकं बाहेर काढून, पावसाच्या माऱ्यात डोळे मिचकावत गाडी हाकू लागले. मायनं आपल्या बाजूनं हात बाहेर घालून पदरानं काच पुसायला घेतली. तोंडाचा पट्टा चालूच. "अवो, हळू!" "अवो, टोपल्या भिजून राहिल्या!" त्यामुळे भर रस्त्यात सोडलेली बैलगाडी तिला दिसली आणि ती "अवो!" करून ओरडली, तेव्हा बाबांनी नेहमीसारखं "हो हो" म्हटलं.

"सहदेव!"

कचकन ब्रेक लागला. गाडी हातभर अंतरावर थांबली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. बाबा बैलगाडी सोडून मायकडेच बघत बसले. तिनं जीभ चावली.

लाजून जी खाली उतरली, ती शेजारच्या मळ्यातून पपईच्या पानाचा पोकळ देठ घेऊनच परतली. "पाहा बरं, बसते का."

बाबांनी फाटका तुकडा कापून तिथं देठ बसवला, दोन्हीकडून सुतळीनं आवळला. वायपर कुरकुरत हलला. चढावर इंजिनाची ओढ कमी होऊन तो मंदावला की बाबा अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सोडत, काच पुसून घेत, पुन्हा दाबत. दिवे लागायच्या आत ते अकोल्यात होते. झेंडू हातोहात गेला, आणि पुढं आमच्या मळ्यात तो दरवर्षी फुलला.

बाबांना मात्र चटक लागली. मायनं "अवो" म्हटलं की म्हणायचे, "वायपर बंद हाय, काई समजत नाई." माय लाटणं दाखवायची, नाव घ्यायची नाही. हे सांगताना मला अजून हसू येतं, आणि मग रडूही.

म्हातारपणी त्यांचे कान खरोखरच गेले. शेवटच्या आजारात माय पाणी घेऊन "अवो, अवो" करत राहिली. ते डोळे उघडेनात. आम्ही सगळे खाटेभोवती उभे. मायनं आमच्यादेखत त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जोरात हाक मारली, "सहदेव!"

डोळे उघडले नाहीत. पण चादरीखाली त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा खाली गेला.