बेगार बंद झाली तो दिवस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून मी काय लपवलं होतं? तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आष्टीच्या बाजूला आमचं गाव. राज्य निजामाचं. मी ख्रिस्ती वस्तीचा मास्तर — शाळा शिकवायची, रविवारी उपदेश करायचा. आमच्या गावातली बेगार कशी बंद झाली ते लोक आजही छाती फुगवून सांगतात, आणि सांगावंच! पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांनी अंमलदारांचे तंबू, पेट्या, पलंग पुढच्या गावापर्यंत फुकट वाहिले होते. नाही म्हणेल त्याच्या पाठीवर चाबूक.

मी उपदेशात ठणकावून सांगायचो — वाइटाला वाइटाने उत्तर द्यायचं नाही, पण त्याच्यापुढे वाकायचंही नाही. पुढच्या वेळी मी सर्वांच्या पुढे उभा राहीन, असंही म्हणालो होतो. बोलायला काय जातं?

मग एका सकाळी अंमलदाराचा जमादार आला. सगुणाबाईपुढे त्याने पेटी ठेवली. विधवा बाई, वस्तीत सर्वांत कमी बोलणारी.

"तुमी पाय मोडून पडला असता, तर खांद्यावर घेऊन गेलो असतो, जमादारसाहेब. पर चाबकाच्या धाकानं ह्ये वझं आमी न्हाई उचलायचो."

चाबूक बसला. एकदा, दोनदा. तिने शिवी दिली नाही, हात उगारला नाही, जागाही सोडली नाही. आणि मग — तिची जाऊ शेजारी येऊन उभी राहिली. मग शेजारचा म्हातारा. मग सगळी वस्ती! किती जणांना मारणार? दुपारी अंमलदार स्वतः आला, जमादारावर खेकसला आणि भाड्याच्या बैलगाड्या मागवल्या. त्यानंतर आम्हाला बेगारीचं बोलावणं आलं नाही. कधीच नाही! म्हाताऱ्या बाया फुगड्या खेळल्या त्या दिवशी. सांगतानाही ऊर भरून येतो.

आणि मी कुठे होतो?

चर्चमध्ये. सगुणाबाई आधी माझ्याकडेच आली होती. "मास्तर, आले त्ये. चला की. दार का म्हून लावलंय?" मी आतून कडी लावून गुडघ्यांवर बसलो होतो. प्रार्थना करत होतो? तोंडाने, हो. तिची हाक ऐकू येऊ नये म्हणून आवाज चढवला होता. ती जरा थांबली, मग एकटी गेली. पुढचं सारं मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. माझ्या पाठीवर चाबूक बसेल याची मला भीती वाटत होती.

नंतर लोकांनी विचारलं, मास्तर कुठे होते? ती म्हणाली, आत आपल्यासाठी प्रार्थना करत होते. एवढंच. जमादाराचा तिने राग धरला नाही, तसा माझाही नाही. लोकांना वाटलं, माझ्या प्रार्थनेनेच हे घडलं. त्यांनी झेंडूचा हार आणला आणि मास्तरांना घाल म्हणून तिच्याच हातात दिला. हात वर करताना ती चाबकाच्या वळांनी कळवळली, ते मला दिसलं. तिला सोपं जावं म्हणून मी मान खाली केली — आणि हार घालून घेतला.