सुखाचं प्रात्यक्षिक

नव्वदीच्या सुरुवातीला खानदेशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं आणि त्याच्याबरोबर नवे अभ्यासक्रम आले. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गाला ‘सुखाचा विचार’ नावाचा पेपर लागला. मी तो घेतला, कारण त्याचा तास अकराला होता आणि अर्थशास्त्राचा सकाळी सातला. सुख कशात असतं याची मला तेव्हाच बरीच समज होती.

शिकवणारे सर पित्ताचे रोगी. कपाळाला आठ्या घालून, मधूनच खिशातली गोळी चघळत ते ग्रीकांचं सुख, बुद्धाचं सुख असं एकेक फळ्यावर मांडत. वर्गात कोणी हसलं की त्यांना त्रास होई. पेपरात वीस गुण प्रात्यक्षिकाला होते. जवळच्या एका माणसाला ‘तू सुखी आहेस का?’ असं विचारायचं आणि त्याचं उत्तर कारणांसह लिहून आणायचं.

वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, “तू पास झालीस की होईन.” आईने उत्तरादाखल माझ्यापुढे कांदे आणि विळी सरकवली. मग मला ताई आठवली. ताई चाळीसगावला दिलेली. तिच्या सासऱ्यांचं, नानांचं, बी-बियाण्याचं दुकान होतं आणि घर खाऊनपिऊन सुखी, असं सोयरीक होताना सगळेच म्हणाले होते. त्या दिवसांत तिला एकच गोष्ट हवी होती. गल्लीतल्या बालवाडीला बाई हव्या होत्या आणि तिला तिथे शिकवायला जायचं होतं. पण तिच्या सासूने, म्हणजे अक्कांनी, साफ नाही म्हटलं. “आम्हना घर खावाले कमी शे का? सुख बोचस तुले,” असं त्या म्हणाल्या आणि विषय तिथेच मिटला.

मी पॅसेंजरने दुपारी चाळीसगावला पोचले. ताई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती आणि अक्का शेजारी डाळ निवडत होत्या. मी वही उघडली आणि सरांनी सांगितलेला प्रश्न, शब्दही न बदलता, विचारला. “ताई, तू सुखी आहेस का?”

आमच्याकडे माहेरचं माणूस दिलेल्या मुलीला हे उगाच विचारत नाही. लेक परत न्यायची असली, की आधी हा प्रश्न येतो आणि मग चार माणसं येतात. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण डोक्यात पेपर होता. अक्कांचा हात सुपातच थांबला.

“तुले कोनी धाडं?”

“सरांनी.”

“कोन सर?”

मी त्यांना पेपर समजावला, प्रात्यक्षिक समजावलं, वीस गुणही समजावले. समजावल्याने जास्तच बिघडलं. “म्हंजे आम्हले मार्क देवाले वनी का तू?” असं म्हणून त्या उठल्या आणि नानांना दुकानातून बोलावून घेतलं.

ताईला ‘हो’ म्हणता आलं असतं. ‘जेवलीस का’ला ‘जेवले’ म्हणतात, तसं एक ‘हो’ टाकलं असतं तर आम्ही सगळेच सुटलो असतो. तिने भाकरीला पाणी लावलं, ती उलटली आणि शांतपणे म्हणाली, “विचार करीसन सांगसू.”

एवढ्यावर घरादाराची पाचावर धारण बसली. शेजारच्या फोनवरून धुळ्याला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी वडील आले ते मला खाऊ की गिळू करत. “शिकायला घातली, तर बहिणीचा सुखातला जीव दुःखात घातलास,” म्हणाले. लग्न जमवणारे आबाही आले. ओसरीवर सतरंजी पडली, चहा झाला. आबांनी जन्मभर सोयरिकी जुळवल्या होत्या आणि मोडायला आलेल्या वाचवल्याही होत्या. मारहाण असो, दारू असो, दागिन्यांची कुरबूर असो, त्यांच्याकडे प्रत्येकावर तोड होती.

“पोरी, तुले काय दुख शे?” त्यांनी विचारलं.

“काहीच नही, आबा.”

“मंग सुखी शे ना?”

“तोच विचार करस मी.”

सुनेने विचार करण्यावर आबांकडे काही औषध नव्हतं. नानांनी पुन्हा चहा सांगितला. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधत राहिले.

“कितला दिन लागतीन?” आबांनी शेवटी विचारलं.

“घरमा काही सुचस नही,” ताई पदर सावरत म्हणाली. “बालवाडीमा पोरेसमा बसीसन सुची.”

गल्लीत बभ्रा होण्यापेक्षा बालवाडी परवडली. “जाऊ द्या तिले,” नाना म्हणाले, आणि सोमवारपासून ताई बालवाडीत जाऊ लागली. मला तिचा इतका अभिमान वाटला की वडिलांच्या शिव्या गोड लागल्या. प्रात्यक्षिकात उत्तराच्या जागी मी खरं तेच लिहिलं, ‘विचार चालू आहे.’ जळगावहून आलेले परीक्षक म्हणाले, हे उत्तर नव्हे. त्यांनी मला वीसपैकी सात दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा चाळीसगावला गेले. ताई बालवाडीत, नाना दुकानात, घरात एकट्या अक्का. मी जीव मुठीत धरून बसले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला.

“परीक्षा व्हयनी?”

“झाली.”

“आते इचारं तर मार्क भेटाव नही?”

“नाही, अक्का.”

त्यांनी रिकामी कपबशी उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्या दिन तिले इचारं तू. मी बाजूलेच व्हतू.” आणि पुढे, “लगीन व्हईसन या घरमा पाय ठेवा, तवपासून ‘तुले कोनती भाजी आवडस?’ हाईबी माले कोनी इचारं नही.”

या बाईला मी आजवर नुसती भीत आले होते, आणि मला स्वतःची लाज वाटली.

“अक्का,” मी म्हटलं, “तुम्ही सुखी शेतस का?”

त्या उठल्या, दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी लग्नाच्या वर्षापासून सांगायला घेतलं. ताईने बालवाडीतून परत येऊन दार वाजवलं, तेव्हा त्या दुसऱ्या बाळंतपणापर्यंतच पोचल्या होत्या.