डब्यातलं बोट

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाताला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी हे वाचलंच, तर तेवढं मला सांभाळून घ्यावं. ज्या माणसाबद्दल लिहिते आहे त्याला मात्र सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही.

तो चौकोनी बॅटरी जिभेला लावायचा. डोळे मिटून, आमटीतलं मीठ बघावं तसा. जीभ चुरचुरली की म्हणायचा, "आहे, जीव आहे." शेजारी बॅटरी तपासायचं मीटर पडलेलं असायचं. त्याला धुळीशिवाय कोणी हात लावत नसे.

दुसरं त्याचं वाक्य, "थांब, माझ्या लक्षात आलंय." हे आलं की समजावं, काहीही लक्षात आलेलं नाही. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल.

आम्ही त्याला शेठ म्हणायचो. रोह्याहून कुंडलिका नदीचा पूल उतरला की अष्टमी गाव, तिथे त्याचं दुकान. लग्नाहळदीचे स्पीकर, मिक्सर दुरुस्तीला यायचे. मी कासूहून सकाळच्या गाडीने यायचे. त्याआधी बारा वर्षं रोह्याच्या एका कंपनीत सोल्डर मारायचं काम केलं. कंपनी बंद पडली, पण माझ्या हातचा एकही नग कधी परत आला नाही. आयुष्यात फुशारकी मारावी अशी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही मी कोणाला सांगितली नाही. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते.

एकदा दुकानाचं शटर माझ्या करंगळीवर आलं. हाड मोडलं. शेठ धावत आला आणि विचारलं, "शटर वाकलं नाही ना?"

हमरापूरचा एक गिटारवाला आमचं गिऱ्हाईक होता. हंगामात गणपती रंगवायचा, लग्नसराईत हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. नखांत बारा महिने सोनेरी रंग. त्याला गिटारचा आवाज फाडणारं पेडल हवं होतं. पायाशी ठेवायचं, दाबलं की आवाज गुरगुरायला लागतो, तसलं. बाजारातलं परवडेना म्हणून शेठने स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ते बनवलं. म्हणजे बनवलं मी, आणि "माझं संशोधन" असं म्हणाला तो. सर्किटच्या पट्टीखाली मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातला होता. खाली स्टील, वर तारांची उघडी टोकं. ती टेकली की आवाज बंद. एवढं चौथीवालीलाही कळतं.

तीन महिने ते पेडल छान वाजलं. मग गिटारवाला फक्त पिन सैल झाली म्हणून घेऊन आला, आणि शेठच्या डोक्यात सुधारणा आली.

"हळदीला आवाज जाड पाहिजे," म्हणाला. आतला एक कपॅसिटर बदलला, आणखी एक बटण लावलं, वर लाल दिवा. एवढं सगळं डब्यात बसेना, तेव्हा माझा पुठ्ठा काढून फेकला. "हा कचरा कोणी भरला यात?"

मी केर काढत होते. तो पुठ्ठाही केरात गेला.

दुसऱ्या दिवशी पेडल मुकं. संध्याकाळी पेणला हळद, चार वाजता गिटारवाला न्यायला येणार. शेठने झाकण उघडलं, टेबलावर पट्टी उचलून पाहिली, तर खणखणीत वाजलं. आत दाबून झाकण लावलं, तर गप्प. पुन्हा उघडलं, वाजलं. लावलं, गप्प. एखाद्या लहान पोरालाही शंका आली असती. शेठने बॅटरी जिभेला लावली.

"थांब, माझ्या लक्षात आलंय."

बॅटरी बदलली. वायर बदलली. नवा कपॅसिटर काढून जुना लावला, मग जुना काढून नवा. मग अष्टमीच्या लाइटला शिव्या दिल्या, ज्या लाइटचा बॅटरीशी काही संबंध नव्हता. मग कुंडलिकेच्या दमट हवेला. शेवटी माझ्याकडे वळला.

"तूच जास्त तापवून पार्ट जाळलास."

मी सगळा धीर गोळा केला. "शेठ, खाली पुठ्ठा..."

"कितवी शिकलीस?"

"चौथी."

"मग कानावर हात ठेव, मला ड्रिल मारायचंय. डबा आत गुदमरतोय."

आणि त्याने खरंच डब्याला सहा भोकं पाडली. मग चहाला गेला.

त्या दिवशी माझ्या पिशवीत करंगळीचा एक्स-रे होता, संध्याकाळी डॉक्टरला दाखवायचा. दुसरं काही हाताशी नव्हतं. मी त्याचा एक तुकडा कापला, पट्टीखाली सरकवला, झाकण लावलं. शेठ परत आला, पायाने दाबलं, पेडल गुरगुरलं.

"बघितलंस?" म्हणाला. "हवा लागली!"

गिटारवाल्यानेही मान डोलावली. शनिवारी पगारात शंभर रुपये कमी. "जळलेल्या पार्टचे," शेठ म्हणाला. बारा शनिवार असे शंभर शंभर कापले. पैशाचं वाईट वाटलंच. पण गाडीत बसल्यावर एकच शब्द कानात वाजायचा, जाळलास.

मग एक दिवस गिटारवाला डबा हातात घेऊन हसत आला. बॅटरी बदलताना पट्टी उचलली होती त्याने.

"शेठ, यात बोट कोणाचं हाय?"

"काय?"

"हाडाचं बोट हाय ना आत! मोडलेलं. मंतरलंय का काय? म्हणून वाजतंय व्हय?"

शेठने फिल्म उजेडात धरली. करंगळीचं हाड, मधे तडा. ते बोट कोणत्या शटरखाली सापडलं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने डब्याची सहा भोकं पाहिली. मग माझा हात पाहिला. मी पंखा सोल्डर करत होते, मान वर केली नाही.

"थांब," तो म्हणाला. "माझ्या लक्षात आलंय."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

माफी वगैरे मागेल असा माणूस नव्हता तो. गिटारवाल्याला म्हणाला, "ते तंत्र आहे, तुला नाय कळायचं." पण त्या शनिवारी पाकिटात शंभर जास्त निघाले.

"शेठ, जास्त आलेत."

"मोजणी चौथीत शिकवतात वाटतं," म्हणाला आणि बॅटरी जिभेला लावून बसला, म्हणजे बोलायला नको.

असे नऊ शनिवार गेले. मग तो आजारी पडला, शटर खाली आलं ते पुन्हा उघडलं नाही. मी तीनशे सोडून दिले. मेलेल्या माणसाकडे कोण मागतं?

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने काकू, त्याची बायको, कासूला माझं घर शोधत आल्या. हातात स्टीलचा डबा.

"कासूवालीला द्यायचा म्हणून हे आठवण करत होते गो," म्हणाल्या. "आत काय ते मी पाहिलं नाय."

त्या गेल्यावर उघडला. तळाला मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, डब्याच्या मापाने कापलेला. वाकडा कापला होता, कात्री त्याला कधी धरता आली नाही. त्यावर शंभराच्या तीन नोटा.

पैसे पुरते फिटले.