माझ्या नावानं तोडलेलं पाणी

"लिखिए, गलती मेरी थी।"

मोठ्या साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं फेकला. टेबलाभोवती नऊ जण बसलेले. मी उभी. बस म्हणायची कुणाला गरज वाटली नाही. एक जण म्हणाला, "कोटेवाली इंजीनियर रखोगे तो यही होगा यार।" खासगी कंपनीत कसला आलाय कोटा? परीक्षा देऊन लागले होते मी. सगळे हसले. माझे सर, आमच्या परभणीकडचे, तेसुद्धा हसले. ते मला जास्त लागलं.

लखनौच्या गोमती नगरातली आमची कंपनी. सीमेवर लढाई पेटली तेव्हा पलीकडची कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं इथून बंद पाडायचं काम आमच्याकडं आलं. कोणतं यंत्र फौजेचं, कोणतं साध्या लोकांचं, हे मी तपासायची. फौजेचं असलं की हिरवी खूण. लोकांचं असलं की लाल, त्याला हात लावायचा नाही. एका गावाच्या पाण्याच्या पंपाला मी लाल खूण केली. त्याच पाण्यावर फौजेची छावणी होती, खरंय. पण दवाखानाही होता.

सर म्हणाले, "अगं, छावणी तहानली की लढाई लवकर संपेल."

"आणि दवाखाना, सर?"

"बरं बाई, राहू दे लाल."

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. चार दिवस गावी जायचं होतं. सर म्हणाले, "पासवर्ड देऊन जा. काही अडलं तर मी आहे ना." दिला. पासवर्ड कुणाला सांगू नका म्हणून दुनियेला शिकवणारी मी! पण लखनौत मराठी बोलणारं माणूस माहेरचं वाटतं. त्यांच्या घरी पुरणपोळी खाल्ली होती मी. केसानं गळा कापला त्यांनी.

परत आले तर लाल खूण हिरवी. माझ्या नावानं. पंप बंद. त्या दवाखान्याच्या वेबसाइटवर एवढंच होतं: पाणी नाही, डायलिसिस बंद, रुग्णांना दुसरीकडं न्या. भर लढाईत दुसरीकडं म्हणजे कुठं?

आई लहान असताना गावानं आमच्या वस्तीवर बहिष्कार घातला, विहीर बंद केली. तिचा धाकटा भाऊ तापात पाणी पाणी करत गेला. आजही आईच्या घरात रिकामा हंडा दिसत नाही. आणि मी तिच्या उशाशी बसलेली असताना, इकडं माझ्या नावानं कुणाचं तरी पाणी तोडलं.

आता वरून चौकशी लागली होती आणि त्यांना एक नाव हवं होतं. सर जवळ आले, हळूच मराठीत म्हणाले, "कर गं सही. तुझ्या लोकांना शिव्या खायची सवय असते. महिन्याभरात विसरतील सगळे."

तुझ्या लोकांना! म्हणजे पुरणपोळी वाढतानाही हेच मनात होतं तर.

मी खुर्ची ओढली. कुणाला न विचारता बसले. लिहिलं: 'लाल खूण मी केली. हिरवी मी केली नाही. पासवर्ड सरांना दिला, ती माझी चूक, मला मान्य आहे. त्या पाण्यावर दवाखाना आहे, हे त्यांना माहीत होतं.' खाली सही केली.

"ये क्या लिखा है?" मोठे साहेब वाकून वाचत ओरडले.

"जो हुआ, वो।"

कागद त्यांच्या हातात दिला नाही. चौकशीवाल्यांसमोर मी स्वतः वाचणार आहे. नोकरी जाईल. देशद्रोही म्हणतील. म्हणू देत. कुणाचंही पाणी तोडायला माझं नाव आता मिळणार नाही.