सुमनकाकूंनी उघडलेलं इंजिन

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहे, असं कोणी विचारलं तर मी सुमनकाकूंचं नाव घेतो. आई-वडिलांनी राबून शिकवलं, ते ऋण फेडण्यातलं नाहीच. पण प्रश्न कसा विचारायचा, हे मला काकूंनी शिकवलं. काही आठवड्यांपूर्वी शाळेत परिपाठ चालू असताना त्यांच्या मुलाचा, अविनाशदादांचा पुण्याहून फोन आला. "दत्ता, आई गेली रे. झोपेतच गेली." समोर मुलं डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. मीही डोळे मिटले. तर मला काकूंचा चेहरा आधी दिसला नाही, त्यांचे हात दिसले. कोपरापर्यंत काळे झालेले, बांगड्या मागं सारलेल्या, आणि त्या हातांत इंजिनचं हेड…

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नगरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा सावेडीत काकूंच्या बंगल्यामागची खोली मला राहायला मिळाली. काका नुकतेच वारले होते. पहिल्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "काय शिकतो?" मी म्हणालो, "फिजिक्स." "म्हंजे काय असतं त्यात?" मी व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "पाठ लई छान हाय तुझं. आता सांग, काय असतं त्यात?" मी पुन्हा तीच व्याख्या म्हणू लागलो. त्या हसल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या. काकू स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, माहेर घोडेगावचं. त्यांना प्रत्येक गोष्टीच्या आत काय आहे, ते पाहायचं असायचं. मिक्सर बिघडला की त्या दुरुस्तीला द्यायच्या आधी उघडायच्या. दुरुस्त करता यायचा नाहीच, पण बघून घ्यायच्या.

पोर्चमध्ये काकांची जुनी गिअरची स्कूटर उभी होती. लग्नानंतर काही वर्षांनी घेतलेली. काका तिला कोणाला हात लावू देत नसत, काकूंनाही नाही. पुसायचं फडकंसुद्धा वेगळं होतं. काका गेल्यापासून ती बंद पडली होती. अविनाशदादा तेव्हा दर आठवड्याला फोन करायचे. आई एकटी राहते याची त्यांना खरीच काळजी होती. पुण्याला चल, हा बंगला भाड्यानं देऊ, असं ते म्हणायचे. मग एकदा म्हणाले, दिवाळीला येतो तेव्हा स्कूटर भंगारात देऊन टाकू, पोर्च तरी मोकळा होईल. त्या दिवशी फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ पोर्चच्या पायरीवर बसल्या. मी कॉलेजातून आलो तर म्हणाल्या, "दत्ता, आधी गाडी जाईल. मग कपाट जाईल. मग मी. पोराचं चुकत न्हाई, पन मला हितनं हलायचं न्हाई."

"मग दादांना तसं सांगा ना, काकू."

"सांगितलं. तो म्हणला, बंद पडलेल्या गाडीसाठी कोण घर धरून बसतं? मी म्हणलं, चालू झाली तर? तर म्हणला, चालू कर, मग बोलू."

असं ठरलं होतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं येऊन दोन-चार किक मारल्या आणि मान हलवली. "मावशी, इंजिन गेलंय. ह्यात जीव न्हाई राहिला." काकूंनी विचारलं, "आत बघितलंस का?" तो म्हणाला, "बघायला कशाला पायजे? किकवर कळतं." "तुला कळतं," काकू म्हणाल्या, "मला न्हाई कळत. मी बघते." तो मला डोळा मारून गेला.

रविवारी सकाळी आम्ही इंजिन उघडलं. स्कूटरच्या डिकीत काकांचे पाने होते, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. काकूंनी पोर्चमध्ये आपलं जुनं नऊवारी पातळ अंथरलं, कुरडया वाळत घालताना घालतात तसं, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून. जे आधी निघेल ते डावीकडं, पुढचं त्याच्या शेजारी, असा त्यांचा नियम. कुरडयांचा घाणा जसा ओळीनं मांडतात तसा. पत्र्याचं झाकण, प्लग, मग हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणाचे नट. एक नट हलेना. काकूंनी देवघरातलं तेल आणून त्यावर सोडलं आणि "आता चहा पिऊ, तवर तो विचार करंल" असं म्हणाल्या. चहानंतर नट सुटला. हेड हातात आलं. काकूंनी ते उलटं केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. आतून ते गोल, खोलगट, काजळीनं काळंभोर.

"ही तर तुपाची वाटी हाय," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा वाटीवर आमी घोडेगावला जात हुतो?"

मी सिलिंडर हातानं दाबून धरला, त्यांनी हळूच किक दाबली. पिस्टन बाहेर आला, आत गेला. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा. लहान मूल पाळण्याकडं बघतं तशा त्या बघत होत्या. मी त्यांना मला पाठ असलेलं सगळं सांगितलं, पेट्रोल, हवा, ठिणगी, स्फोट. आणि सांगता सांगता पहिल्यांदा ते मलाच दिसलं… परीक्षेत ती आकृती मी काढली होती, पण पिस्टनला बोट लावलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "एवढे स्फोट व्हतात, मग ही वाटी फुटत कशी न्हाई?" "बघून सांग," त्या म्हणाल्या, आणि रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं काजळी पुसायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना काकूंनी एक काम केलं. हेड स्वयंपाकघरात नेलं आणि तारेच्या घासणीनं, वाळू लावून, पितळेचं भांडं घासावं तसं लखलखीत घासलं. मी आलो तर ते ओट्यावर चमकत होतं. "घासल्याशिवाय मांडायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही ते बसवलं, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले नट जोडीजोडीनं आवळले, किक मारली. फुस्स. हेडच्या जोडातून वारा येत होता. काकू कान लावून म्हणाल्या, "कुकरची रिंग गेल्यावर असंच व्हतं. ह्याची रिंग कुठं हाय?"

मेकॅनिकला बोलावलं. तो हेड हातात घेऊन आधी हसला. "मावशी, ह्यात रिंग नसती. लोखंडाच्या तोंडावर हे तोंड नुसतं टेकतं, तेबी आरशावानी सपाट. तुमी तर त्याला कढई केली." मग त्यानं उपाय सांगितला. एकदम सपाट काच घ्यायची, त्यावर बारीक पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि हेड त्यावर गोल गोल फिरवायचं, ओरखडे जाईपर्यंत. जाता जाता म्हणाला, "झालं तर मला चहा, न्हाई झालं तर भंगारवाला."

घरात सपाट काच नव्हती. खिडक्यांना खरबरीत नक्षीची. कपाटाचा आरसा कडेला फुगलेला. काकू घरभर फिरल्या आणि बैठकीत येऊन थांबल्या. भिंतीवर काकांचा फोटो होता, हार घातलेला. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला, फोटो उतरवला, स्क्रू ड्रायव्हरनं मागचे खिळे वाकवले. काच हळूच काढून उजेडात धरली आणि काकांच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "जन्मभर गाडीला हात लावू दिला न्हाई. आता काच तरी द्या."

काच देवघरासमोरच्या पाटावर ठेवली. मी फिरवायला लागलो तर हेड एका बाजूला झुकायचं. काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं. सहाणेवर रोज चंदन उगाळणारा हात तो. जोर न देता, लयीत, मध्येच तेलाचा थेंब टाकत त्या फिरवत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी हेडचं तोंड माझ्याकडं केलं. एकसारखा राखाडी रंग, एकही रेघ नाही. काच मात्र एका कोपऱ्यात, पेपर सरकला होता तिथं, घासली गेली होती.

दिवाळीला अविनाशदादा आले. काकू पोर्चमध्ये गेल्या, चोक ओढला आणि मला म्हणाल्या, "मार." पहिल्या किकला धूर, दुसऱ्या किकला आवाज. दादा पिशवी हातात धरून तिथंच उभे राहिले. तो आवाज त्यांनी लहानपणापासून ऐकलेला. थोड्या वेळानं त्यांनी स्कूटर बाहेर काढली आणि कुठंतरी चक्कर मारून आले. आल्यावर म्हणाले, "आई, ब्रेक लागत नाहीत हिचे." "ते बी उघडू," काकू म्हणाल्या. पुण्याला नेण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. काकू शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या.

परवा मी सावेडीला गेलो होतो. स्कूटर पोर्चमध्ये आहे, वर काकूंचं पातळ पांघरलेलं. बैठकीत आता दोन फोटो आहेत. काकूंच्या फोटोची काच नवी, स्वच्छ. काकांच्या फोटोत त्यांच्या उजव्या खांद्यावर काच घासल्याचा तो पुसट राखाडी डाग अजून आहे. दादा म्हणाले, "ही काच बदलायची राहून गेली." मी म्हणालो, "राहू द्या, दादा." ते म्हणाले, "हो. मीही तसंच ठरवलंय."

गावाकडच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी काकूंना एक पत्र पाठवलं होतं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याकडं राहिला. तो इथं तसाच देतो.

"ती. सुमनकाकूंना सा. न.

काकू, शाळेत विज्ञान शिकवायला मिळालं आहे. एका पालकानं विहिरीवरचं बंद पडलेलं इंजिन दिलं. वर्गाच्या व्हरांड्यात जुनं लुगडं अंथरून आम्ही त्याचं हेड उघडलं. आधी निघालेलं डावीकडं, तुमच्या नियमानं. घासणी कोणाला लावू दिली नाही.

वाटी का फुटत नाही, ते तुम्ही विचारलं होतं. आता मला समजलं आहे. एक तर ती जाड धातूची असते. पण खरं म्हणजे पिस्टन मागं सरतो. स्फोटाला जागा मिळते, आणि त्या सरकण्यावरच चाक फिरतं. मुलांना सांगताना मला तुम्ही किक दाबत होता ते आठवलं.

काल एका मुलीनं विचारलं, सर, इंजिन बंद केल्यावर पिस्टन कुठं थांबतो, वर का खाली? मी सांगितलं, मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं? मी सुट्टीत येतो. तोवर गाडी बंद केलीत की तशीच राहू द्या, किक मारू नका, पिस्टन हलेल. आपण उघडून बघू.

आपला,
दत्ता"